गरिबाला थांबता आलं पाहिजे

मी रायपूरहून बोलतोय. माझ्या मराठीत मध्येमध्ये हिंदी आणि छत्तीसगढी डोकावेल, तेवढं चालवून घ्या. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला आले, आणि त्यानंतर मराठी कुटुंबं छत्तीसगडात येत राहिली. कुणी कारकुनीला, कुणी देवळाच्या पूजेला, कुणी नुसतंच नशीब काढायला. त्यातल्याच एका घरातला मी. रायपुरात तात्यापारा नावाची वस्ती आहे, नावावरूनच तुम्हाला अंदाज येईल.

सैन्यातून मी कर्नल म्हणून निवृत्त झालो. लोकांना वाटतं, कर्नल म्हणजे सीमेवर बंदूक रोखून उभा असलेला माणूस. मी होतो आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. सरळ मराठीत सांगायचं तर रसद खात्यात. आटा, डाळ, तेल, साखर, रॉकेल, खेचरांचा दाणा. माझ्या पलटणीतले मित्र मला वाणी म्हणायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

लेहमध्ये होतो तेव्हाची एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्या काळात झोजिला नोव्हेंबरात बंद व्हायचा तो एप्रिल-मेपर्यंत. वर बसलेल्या माणसाला त्या सहा महिन्यांत जे जे लागेल ते सगळं उन्हाळ्यातच वर पोचवून ठेवायचं. याला आम्ही ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतो. माणशी रोजचे ग्रॅम ठरलेले, गुणिले माणसं, गुणिले दिवस, आणि त्याच्यावर राखीव. हे राखीव फार महत्त्वाचं. बर्फ पंधरा दिवस उशिरा वितळलं तर काय, एखादा साठा खराब निघाला तर काय, याची ती तजवीज. राखीव न ठेवता योजना मांडली तर वरिष्ठ तो कागद वाचायचेसुद्धा नाहीत.

हे काही इंग्रजांनी आपल्याला शिकवलं नाही. पन्हाळ्यावर गेलात तर अंबारखाना बघा. गंगा, यमुना, सरस्वती, तीन कोठ्या. १६६० साली सिद्दी जौहरने वेढा घातला, महाराज मार्चपासून जुलैपर्यंत गडावर होते. चार महिने गड तग धरतो तो नुसत्या तोफांवर नाही.

निवृत्त झाल्यावर मी रायपूरला परतलो. माझे दोन शाळासोबती इथेच होते, एक बँकेतून निवृत्त झालेला, एक पशुवैद्य. आम्ही तिघे गावांत हिंडायला लागलो. अभनपूर आणि आरंगकडची गावं, पुढे महासमुंदच्या बाजूची. पहिलं वर्ष आम्ही काहीही केलं नाही, फक्त हिशोब विचारले. कुठल्या महिन्यात काय येतं, काय जातं. आणि माझ्या रसदवाल्या डोळ्यांना एकच गोष्ट दिसायला लागली. गरिबाच्या घरात कष्ट होते, अक्कल होती, बियाणं होतं, काही ठिकाणी पाणीही होतं. राखीव मात्र नव्हतं. त्यामुळे त्याला थांबता येत नव्हतं. त्याला आजच विकावं लागतं, आजच घ्यावं लागतं, आजच निघावं लागतं. आणि समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं.

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. धान म्हणजे आपलं भात, साळ. इथे सरकार नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत धान विकत घेतं. २०२३ च्या खरिपापासून एकरी २१ क्विंटलपर्यंत, क्विंटलला ३१०० रुपये पडतात. म्हणजे एका एकराचे ६५,१०० रुपये. देशात धानाला असा भाव क्वचित मिळतो, आणि मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. गावागावात पक्की घरं उठलीत, मोटरसायकली आल्यात, मुली कॉलेजात जातायत. पण हा पैसा जातो तो ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या खात्यात. जो दुसऱ्याचं शेत अधियाने करतो, म्हणजे अर्धेलीने, किंवा रेगहाने, म्हणजे ठरीव खंडाने, त्याचं धान सोसायटीत मालकाच्याच नावाने चढतं. नाहीतर तो खळ्यावरच कोचियाला विकतो. कोचिया म्हणजे गावात फिरणारा छोटा व्यापारी.

आता या कोचियाबद्दल थोडं. शहरातले आपले लोक त्याला खलनायक करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. रात्री अकरा वाजता पोराला ताप आला तर पाचशे रुपये कोचियाच देतो. बँक देत नाही, मी देत नाही, तुम्ही देत नाही. तो वेळ विकतो आणि वेळ महाग विकतो. त्याला शिव्या घालण्यापेक्षा तीच वस्तू गावात स्वस्त कशी मिळेल हे बघणं जास्त उपयोगाचं.

जंगलाकडे जाल तसं हे आणखी उघडं दिसतं. बस्तरमध्ये चारोळी देऊन तेवढंच मीठ घ्यायचे आदिवासी. ही दंतकथा नाही, माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या श्रीखंडावर पडणारी ती चारोळी. मोहाचं घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडतात, बाया अंधारात उठून वेचतात, चार दिवस वाळवतात आणि आठवडी बाजारात विकतात. सगळ्यांचा मोह एकाच वेळी बाजारात, त्यामुळे भाव पडलेला. पावसाळ्यात त्याच घरांना मोह लागतो, तेव्हा तोच मोह त्याच बाजारातून चढ्या भावाने परत घेतात. जगदलपूरची चिंच बघा. देशभर जाते. टरफलासकट, चिंचोक्यासकट विकली तर एक भाव, घरी बसून चिंचोके काढून ‘फूल इमली’ करून विकली तर चांगलाच वरचा भाव. चिंचोके काढायला काय लागतं? दोन हात आणि काही आठवडे. हात आहेत. आठवडे नाहीत, कारण तेल-मीठ आज संपलंय. १९९९ साली बस्तरमध्ये प्रवीर कृष्ण जिल्हाधिकारी असताना तिथे इमली आंदोलन उभं राहिलं, गावातच गटांनी चिंच घेऊन जागेवर पैसे चुकते करायचे. आंदोलन म्हणजे मोर्चे-घोषणा नव्हेत, वजनकाटा आणि रोकड. मला ते फार आवडतं.

आता तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, रेशनचं काय? बरोबर आहे. छत्तीसगडने २०१२ मध्ये स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला, केंद्राच्या आधी. गरीब कुटुंबाला महिन्याला ३५ किलो तांदूळ या राज्याने दिला. माझ्या लहानपणी आषाढ-श्रावणात गावाकडची माणसं कशी दिसायची ते मला आठवतं. तशी आता दिसत नाहीत, आणि याचं श्रेय सरकारला दिलंच पाहिजे. पण पोट भरणं वेगळं आणि हात मोकळा असणं वेगळं. पेरणीच्या तोंडावर बियाणं, खत, नांगरणीचं भाडं, शाळेची फी, एखादं बाळंतपण, हे तांदळाने भागत नाही. मग शेळी विकली जाते. आणि शेळी विकायचीही थांबलीच नसती तर मग उरतो सरदार.

हा सरदार म्हणजे वीटभट्टीचा मुकादम. दसऱ्याच्या आसपास गावात येतो, हातावर उचल ठेवतो आणि दिवाळी झाली की माणसं घेऊन जातो. नवरा, बायको, पोरं, कधीकधी म्हातारी सुद्धा. उत्तर प्रदेशापर्यंत जातात. महासमुंद, जांजगीर, बलौदाबाजार, या भागातून हे पिढ्यान् पिढ्या चाललंय. उसतोडीच्या उचलीबद्दल बीडच्या माणसाला मी काय सांगावं! कोयता बदलतो, हिशोब तोच. उचल घेतलेली रक्कम एवढीशी असते, पण तिच्यापायी कुटुंबाचे सहा-सात महिने जातात. पोरांची शाळा जाते ती वेगळीच.

तर आमचा प्रश्न असा उभा राहिला, की आषाढात लागणारे हे थोडेसे पैसे किंवा धान गावातच कसे ठेवायचे?

उत्तर आम्ही शोधलं नाही. ते गावात आधीच होतं, मोडकळीला आलेलं. त्याचं नाव रामकोठी. छत्तीसगडच्या खूप गावांत ही जुनी रीत आहे. पीक आलं की घरटी थोडं धान एका सामाईक कोठीत घालायचं. आषाढ-श्रावणात ज्याला गरज पडेल त्याने न्यायचं, नवं पीक आलं की ‘बाढी’सकट परत करायचं. बाढी म्हणजे वाढ, धानाचं धानातलंच व्याज. सावकाराकडे ही बाढी सवाई-दिढी चालायची. चार काठे न्या आणि पाच द्या, नाहीतर सरळ सहा द्या, तेही पाच महिन्यांत. काठा हे इथलं माप. वीस काठ्यांची खंडी. आपल्याकडे जुन्या कागदांत खंडी असते ना, तोच शब्द.

आणि पौष पौर्णिमेला इथे छेरछेरा असतो. तुमच्याकडे त्या दिवशी शाकंभरी पौर्णिमा. इथे पोरं झोळ्या घेऊन दारोदार धान मागतात, ढोल वाजवतात, आणि त्या दिवशी कुणी नाही म्हणत नाही. श्रीमंताचं पोरही मागतं, गरिबाचंही. बऱ्याच गावांत हे जमलेलं धान रामकोठीत जायचं. म्हणजे भांडवल उभं करायची व्यवस्था सणातच बसवलेली. मी बऱ्याच सैनिकी पाठ्यपुस्तकांतून रसदीवरचे धडे वाचलेत, पण इतकी हुशारी फार थोड्यांत दिसली.

आम्ही एका गावात बैठक घेतली. बचतगटाच्या बाया आल्या होत्या. इथे राज्याच्या ग्रामीण आजीविका मिशनचं नाव ‘बिहान’ आहे, म्हणजे पहाट, आणि त्यातल्या सगळ्या बायांना दीदी म्हणतात. मी नकाशा काढला, तक्ता मांडला, घरटी दोन काठे, साठ घरं, म्हणजे १२० काठे, सहा खंडी. सगळे माना हलवत होते. मागे एक म्हातारी बसली होती, तिने विचारलं, “साहेब, सब बने हे, फेर कुची काकर करा रइही?” सगळं ठीक आहे, पण किल्ली कुणाकडे राहणार?

दुसरा कुठलाही प्रश्न त्या संध्याकाळी महत्त्वाचा नव्हता. जुनी रामकोठी मोडली होती ती किल्लीपायीच. एकाच घरात किल्ली, हळूहळू कोठी त्या घराची झाली. मी म्हटलं, “दाई, फौजेत खजिन्याच्या पेटीला एकापेक्षा जास्त कुलपं असतात, आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे.” तिला ते लगेच पटलं. गावात तीन पारे आहेत, पारा म्हणजे वस्ती, आणि जातीही त्याप्रमाणे वाटलेल्या. तीन पाऱ्यांतल्या तीन बाया, तीन कुलपं. तिघी आल्याशिवाय दार उघडत नाही. एकीच्या घरी लग्न असलं तर सगळा गाव दोन दिवस थांबतो, कुरकुरतो, पण थांबतो. सतनामी पाऱ्यातल्या बाईच्या हातात किल्ली आहे, ही गोष्ट काही लोकांना पहिल्या वर्षी गिळवली नाही. आता सवय झाली. सगळ्यांचं मन बदललं असं म्हणणार नाही, सवय झाली एवढंच.

बाकीचं सगळं कंटाळवाणं काम होतं. उंदीर. ओल. कोठीचा तळ जमिनीपासून हातभर उंच हवा. धान आत जाताना नीट वाळलेलं हवं, दाताखाली कट्‌ असं वाजलं पाहिजे. कडुनिंबाचा पाला. वही लिहिणारी पोरगी. ताडपत्र्या तर इतक्या महत्त्वाच्या, की खळ्यावर अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्री नसली तर माणूस त्याच संध्याकाळी मिळेल त्या भावाने धान फुंकून टाकतो. एक ताडपत्री त्याला आठवडाभर थांबवू शकते. कुणी देणगी विचारली की मी ताडपत्र्या मागतो. फोटो चांगला येत नाही, म्हणून लोक नाराज होतात.

महाराष्ट्रात कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, सहा महिने सहा टक्क्यांनी, भाव चढला की विका. विचार अगदी हाच आहे, आणि उत्तम आहे. पण दोन पोती धान असलेला माणूस बाजार समितीत जात नाही. जायचं भाडंच परवडत नाही. त्याला गोदाम हाकेच्या अंतरावर हवं आणि ओळखीच्या माणसाच्या हातात हवं.

एक मुद्दा मला मनापासून सांगायचाय, थोडा वेळ द्या. राखीव फक्त कोठीत नसतं, ते बियाण्यातही असतं. जुना छत्तीसगढी शेतकरी कधीच एका जातीचं धान पेरत नव्हता. हलक्या जमिनीत, भाठा-मटासीत, हरुना धान, म्हणजे लवकर येणारं. खोलगट काळ्या कन्हार जमिनीत गरुना, म्हणजे उशिरा येणारं. हरुना गणपती-नवरात्राच्या सुमाराला तयार होई, आणि मुख्य पीक यायच्या आधीचे अवघड आठवडे त्याच्यावर निघत. ही झाली पहिली रसद. डॉ. रिछारिया नावाचे मोठे भातशास्त्रज्ञ होते, आधी कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक, नंतर इथे रायपूरला. त्यांनी १९७०च्या दशकात या प्रदेशातून भाताचे १९ हजारांवर नमुने गोळा केले. आज तो ठेवा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. २००२ मध्ये एका परदेशी बियाणे कंपनीबरोबर त्यावर करार होणार होता, तेव्हा इथली माणसं रस्त्यावर आली आणि तो करार बारगळला. अडाणी, गरीब म्हणून ज्यांना आपण शिकवायला जातो, त्यांच्या आज्या-पणज्यांनी जपलेले ते वाण आहेत.

आता काय झालंय, सोसायटीत सगळ्या धानाला भाव जवळपास एकच. मग जो जास्त वजन देईल तोच वाण. शेतकरी चुकतोय असं मी म्हणत नाही, मीही तेच पेरलं असतं. पण आम्ही एवढंच सांगतो, विकायला जे पेरायचं ते पेरा, एका कोपऱ्यात दहा-वीस डिसमिल हरुना ठेवा. ज्यांनी ठेवलं त्यांना दसऱ्याला सरदारापुढे बसावं लागत नाही. निदान घासाघीस करता येते.

दुसरी रसद उतेराची. धान कापायच्या आधी, शेतात ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळी फेकायची. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापलं जातं आणि खालून लाखोळी वर येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये डाळ. पूर्व विदर्भातल्या मंडळींना हे सांगायला नकोच. लाखोळीने पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. फक्त तीच डाळ महिनोन्‌महिने खाल्ली तर धोका असतो, हे खरं. पण रायपूरच्या विद्यापीठाने प्रतीक आणि महातिवडा हे वाण काढले, त्यांत तो विषारी घटक बराच कमी आहे. अडचण वेगळीच आहे. धान कापलं की इथे गुरं मोकळी सोडतात. एकट्याने लाखोळी पेरली तर ती गावाच्या गुरांसाठीच. म्हणून गुरं कधी सोडायची हे सगळ्या गावाने एकत्र ठरवावं लागतं. याला रोका-छेका म्हणतात, ही पण जुनीच रीत. माझा पशुवैद्य मित्र म्हणतो, जनावराला अडवणं सोपं, मालकाला अडवणं अवघड. ज्या गावात राखणदाराला वर्षाचं धान कोण देणार हे आधी ठरतं तिथेच रोका-छेका टिकतो.

ज्यांच्याकडे शेत नाही, घर नाही, गावच नाही, त्यांचं काय, हा प्रश्न मला कायम विचारला जातो. त्याचं उत्तर चांपाला आहे, रायपूरहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. सदाशिवराव कात्रे नावाचे रेल्वेत नोकरी केलेले गृहस्थ, त्यांना स्वतःला कुष्ठरोग झाला. १९६२ साली त्यांनी चांपाजवळ सोंठीला भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. नंतर अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तिथे गेले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. भीक ही अशी उपजीविका आहे की तिच्यात राखीव शून्य. आजची झोळी, आजचं जेवण, उद्या पुन्हा झोळी. या माणसांनी रोग्यांना औषधपाणी तर दिलंच, पण त्याबरोबर जमीन दिली, गाई दिल्या, दोर वळायला आणि सतरंज्या विणायला बसवलं. बोटं झडलेल्या माणसाने पिकवलेलं धान त्याच्याच कोठीत गेलं. तिथून परत येताना मी गाडीत फार बोललो नव्हतो.

आमचं काम त्यापुढे अगदी किरकोळ आहे. मोजकी गावं, प्रत्येकात एक कोठी. एक कोठी बंदही पडली, तिथल्या किल्लीवाल्या दोघींचं आपसांत बोलणं बंद झालं आणि दार उघडेचना. शेवटी पंचांसमोर कुलपं काढून धान वाटून टाकलं. असं होणार.

गेल्या आषाढात हरेलीच्या आदल्या दिवशी, म्हणजे तुमच्या दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी, एक माणूस कोठीवर आला. भट्टीवरून परतला होता, बायको आजारी, हातात काही नाही. त्याने लागोपाठ दोन वर्षं धान घालायचं चुकवलं होतं, एकदा नेलेलं परतही केलं नव्हतं. नियम वहीत लिहिलेला होता, न घालणाऱ्याला मिळणार नाही. बायांची बैठक बसली. मी बाहेर ओट्यावर होतो, मला आत बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. एक म्हणाली, याला दिलं तर उद्या कोण घालेल? दुसरी म्हणाली, नाही दिलं तर दसऱ्याला हा पुन्हा सरदाराकडे जाणार, आणि मग कधीच घालणार नाही. आवाज चढले. तास-दीड तास चाललं. शेवटी ठरलं, मागितलं त्याच्या निम्मं द्यायचं, जुनं देणं वहीत तसंच ठेवायचं, आणि त्याने कोठीच्या छपराची कवलं फेरून द्यायची. तिघी उठल्या, कुलपं काढली. त्याने कवलं फेरली. धान त्याने कार्तिकात परत केलं, जुन्यापैकी थोडं अजून बाकी आहे.

या वर्षी दीदींचं म्हणणं आहे की मोहसुद्धा कोठीत ठेवावा आणि पावसाळ्यात विकावा. काही जणींचा सक्त विरोध आहे, मोह म्हटलं की दारू आलीच असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या घरातला अनुभव बघता मी त्यांच्याशी वाद घालत नाही. छेरछेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक आहे. रायपूरहून तासाभराचा रस्ता. कुणाला यायचं असेल त्याने जरूर यावं, आणि येताना ताडपत्री आणावी.